चिलखताचं माप

"श्वास सोड," हे म्हणाले, आणि ठकूनं सोडला.

दोन्ही हात वर, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. ह्यांनी फीत तिच्या काखेखालून फिरवली, आकडा वहीत टाकला, मग कमरेचा घेतला, मग त्याखालचा. मी टेबलावर इस्त्री करत होते. आमची लेक तेवीस वर्षांची, लायब्ररीत नोकरीला, आणि जिभेला धार. घरात कुणी 'जरा सरक' म्हटलं तरी 'का?' विचारणारी. आणि इथे हे सांगायच्या आधीच उजवीकडे वळत होती. मला तेव्हाच खटकलं होतं. पण माझं असं आहे, नको तिथे दहा वाक्यं बोलीन आणि हवं तिथे इस्त्री करत बसेन.

निमित्त नाटकाचं होतं. ठकू संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत जाते. एवढे दिवस तिच्या वाट्याला दासी, शेजारीण, तिसरी बाई असलीच कामं यायची. यंदा तिला सेनापतीचं काम मिळालं. किल्ला पडत आलाय, राजा पळालाय, आणि ही एकटी बाई दार लावून उभी आहे, असं नाटक. तिसऱ्या अंकात जिना चढायचा, पडायचं, उठायचं, आणि दोन पानांचं भाषण एका दमात म्हणायचं. चिलखत भाड्यानं आणलं होतं ते कुणातरी पैलवानाच्या मापाचं. त्यात ठकू म्हणजे हंड्यात पळी. तेव्हा हिनं तिथं सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं, "माझे बाबा करतील."

बाबा करतील म्हणजे काय, बाबा तेच करतात. आमचे हे एकतीस वर्षं हाडांच्या दवाखान्याच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये आहेत. पायाची कॅलिपर, मानेचे पट्टे, पाठीची जाकिटं. वर डॉक्टर चिठ्ठी लिहितात, खाली हे माणसाला माप घेऊन उभं करतात. कुणी त्यांचं नाव विचारत नाही, पण वीस वर्षांपूर्वीचा पेशंट रस्त्यात भेटला की आधी ह्यांना चालून दाखवतो. घरी हे फारसं बोलत नाहीत. आमच्या घरातलं बोलण्याचं खातं माझ्याकडे.

लेकीनं काम सांगितलं म्हटल्यावर माणूस दहा वर्षांनी लहान झाला. चार दिवस माझं जेवणाचं टेबल माझं राहिलं नाही. पहिल्यांदा पत्रा आला. ह्यांनी तो वाकवून माझ्याच छातीला लावला आणि म्हणाले, "वाक."

मी वाकले. कड हनुवटीत घुसली.

"अहो, मी काय पाण्याची टाकी आहे?"

"जिना चढताना असंच होईल तिला," हे म्हणाले आणि पत्रा बाजूला ठेवला. "शिवाय वाजतो. ती मरायला पडली की प्रेक्षक म्हणतील, डबे पडले."

मग जाड चामडं आलं. दिसायला राजबिंडं, मला तर सोफ्यावरच घालावंसं वाटलं. पण ह्यांनी ते तराजूत टाकलं, मान हलवली. वजन खांद्यावर येणार, आणि एकदा घाम पिऊन बसलं की पुढच्या प्रयोगापर्यंत वाळणार नाही. नाटकाच्या बाईंनी, म्हणजे ज्या नाटक बसवतात त्यांनी, पुठ्ठ्यावर कागद चिकटवून करा म्हणून निरोप धाडला होता. "दुसऱ्या प्रयोगाला लगदा होईल," हे म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला. टेबलाच्या टोकाला फोमचा एक काळा तुकडा पडला होता, चपलांच्या तळव्यांना लावतात तसला. मी विचारलं, "आणि हे?" तर म्हणाले, "ते अस्तर. टोचू नये म्हणून आतून लावायचं."

शेवटी पिशवीतून पांढरं प्लास्टिक काढलं. भट्टीत तापवलं की भाकरीच्या पिठासारखं मऊ होतं, गार झालं की दगड. ह्यांचा हात त्यावरून असा फिरला की मला कळलं, निवड झाली. आधीचं सगळं नुसतं मन राखायला होतं.

"हेच," म्हणाले. "हे मला येतं."

ठकूला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाबा." आणि आत गेली. ठकू आणि 'तुम्हाला योग्य वाटेल ते'! तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

कारण ते प्लास्टिक ती ओळखत होती. अकरा ते पंधरा, चार वर्षं, तिनं ते अंगावर वागवलं होतं. पाठीच्या कण्याला बाक आला होता, डॉक्टर म्हणाले जाकीट नाहीतर पुढे ऑपरेशन. जाकीट ह्यांनीच केलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दिवसातले एकवीस तास. आणि रोज सकाळी शाळेच्या आधी पाठीमागचे पट्टे ओढायची मी. पट्ट्यावर पेनाची खूण होती, तिथपर्यंत. "आई, एक बोट सैल ठेव ना," ती म्हणायची. मी म्हणायचे, "बाबांनी खूण केलीये." गुडघा तिच्या कमरेला टेकवून ओढायचे मी. पाठ सरळ झाली. आम्ही पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटलो, आणि जाकिटाचा विषय घरातून गेला.

प्रयोगाला बारा दिवस उरले असताना हे चिलखत घेऊन आले. खोटं कशाला बोलू, सुंदर झालं होतं. चंदेरी रंग, खांद्यांवर पाती, छातीवर घासल्याच्या खुणा. ठकूनं हात वर केले, ह्यांनी पुढून बसवलं, मी सवयीनं मागे गेले. पट्टे ओढले, त्यांच्या वेल्क्रोचा चर्रर्र आवाज झाला. केसाइतकीही फट राहिली नव्हती.

"वा!" हे म्हणाले. "आता बोल तुझं भाषण."

तिनं सुरू केलं. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला आवाज बारीक झाला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी दुसऱ्यालाच थांबली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि हे चिलखताची खालची कड तपासत होते.

"आई, काढ."

"अगं जरा—"

"काढ! काढ म्हणते ना!" तिचे हात पाठीमागे गेले, पण पट्ट्यापर्यंत पोचेनात. घाईत माझ्या हातून एक पट्टा दोनदा परत चिकटला. निघालं तशी ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ सोडला. कितीतरी वेळ नळ वाहत होता.

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मी बाईंना सांगते," म्हणाली, "दुसरीला द्या काम. तिला भाषण पाठ आहे."

"पण बसलंय किती छान!" हे म्हणाले. खरंच कळलं नव्हतं त्यांना.

"हो, छानच बसलंय. मागचंही छानच बसायचं."

"मग? पाठ सरळ झाली ना?"

हे वाक्य माझ्याही तोंडात आलं होतं, ह्यांनी आधी म्हटलं एवढंच. ठकू खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"झाली. मी कुठे नाही म्हणतेय? तुमच्यामुळेच झाली. पण चार वर्षं मी पोटभर हसले नाही, बाबा. आत जागाच नव्हती. मैत्रिणी हसायच्या, मी नुसती तोंड उघडायचे. मी आईला सांगितलं, ती म्हणाली बाबांना विचार. तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणालात डॉक्टरांना विचार. तुम्ही दोघं चांगलेच होतात. पण तुम्ही बाहेर होतात आणि मी आत."

ती खोलीत गेली. मग मी ह्यांच्यावर तुटून पडले. एवढी वर्षं पेशंट बघता, घरातली पोर दिसली नाही, वगैरे वगैरे. हे ऐकून घेत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की गुडघा टेकवून ओढणारी मी होते आणि शिव्या ह्यांना घालतेय. मग माझंही तोंड बंद झालं. त्या दिवशी इतकं अपराधी वाटलं मला, आणि ते कुणावर ढकलायला जागा नव्हती.

दोन दिवस घरात सुतक पडल्यासारखं होतं. ठकूनं बाईंना अजून सांगितलं नव्हतं, 'परवा सांगते' म्हणत होती. म्हणजे तिला काम हवं होतं. एवढीच एक आशा. तिसऱ्या दिवशी हे कामावरून आले ते बगलेत काळ्या फोमच्या चादरींची गुंडाळी घेऊन.

"हे काय? सेनापतीला चपला करणार?"

ह्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि ठकूच्या दारावर टकटक केली. ह्या घरात ह्यांनी कधी दारावर टकटक केलेली मला आठवत नाही.

"ठकू, माझं माप चुकलं," हे म्हणाले.

ती दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडे माप श्वास सोडून घेतात. जाकीट हलायला नको असतं, म्हणून. एकतीस वर्षं तसंच घेतोय. परवा तुझंही तसंच घेतलं. पण तू पेशंट नाहीस." ह्यांनी खिशातून फीत काढली. "हे मला आधी सुचायला हवं होतं. पुन्हा माप देशील का?"

मी देवाला म्हटलं, हिला 'नाही' म्हणायचं असेल तर निदान प्रेमानं म्हणू दे.

"हात वर करणार नाही," ती म्हणाली.

"नको करू. फीत तूच धर. भाषण म्हण, जसं तिथे म्हणणार आहेस तसं. मी नुसता आकडा बघतो."

मग आमच्या पुढच्या खोलीत जे झालं त्याला तोड नाही. ठकूनं फीत स्वतःच्या छातीभोवती धरली आणि घसा फोडून सुरू केलं. "दार उघडणार नाही! घरातलं शेवटचं माणूस पडलं तरी हे दार उघडणार नाही!" हे वहीपेन्सिल घेऊन तिच्याभोवती फिरत होते आणि मध्येच "इथे किती? अजून जोरात!" म्हणत होते. तेवढ्यात आमचंच दार कुणीतरी बडवायला लागलं. उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात लाटणं, मागे त्यांचा जावई.

"काय झालं गं? कुणाला कोंडलंय? कोण पडलं?"

"कोणी नाही हो आजी," मी म्हटलं, "माप घेतोय."

आजींनी ठकूकडे बघितलं, छातीला फीत, चेहरा लालबुंद. ह्यांच्याकडे बघितलं, कानावर पेन्सिल. मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "चल रे. ह्यांच्याकडे कपडे शिवायला द्यायला नकोत."

ठकूला हसू फुटलं. आधी नाकातून, मग जे फुटलं ते थांबेना. भिंतीला टेकली, खाली बसली, डोळ्यांतून पाणी. आणि त्यातही फीत हातात धरलेली होती. हे पटकन खाली वाकले, आकडा वाचला आणि वहीत लिहिला.

"हसताना सगळ्यात जास्त," हे म्हणाले. "पहिल्या मापापेक्षा दोन इंच वर. हेच माप धरतो."

वहीवर एक थेंब पडला तो ह्यांनी अंगठ्यानं पुसला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुढचे आठ दिवस आमचं घर चपलांचा कारखाना झालं. ठकूनं बाईंना काही सांगितलं नाही. लायब्ररीतून आली की ती बाह्या वर करून बसायची. आधी कागदाचे साचे कापून, अंगावर लावून, वाकून बघायचं, मग फोम कापायचा. गरम हवेचं मशीन फिरवलं की तो लवचीक होतो आणि गुडघ्यावर दाबून धरला की तसाच गोल राहतो. उजवा खांदा ह्यांच्या गुडघ्यावर झाला, डावा माझ्या कढईच्या बुडावर. चांभार लावतात त्या पिवळ्या सोल्युशनच्या वासानं माझं डोकं उठलं, खिडक्या सताड उघड्या. छातीवर एकसंध तुकडा नको, असं ठकूनंच सांगितलं. मग कौलं एकावर एक बसवतात तशा पट्ट्या बसवल्या. श्वास घेतला की सरकतात, सोडला की जागेवर येतात.

"अस्तराचं चिलखत करतोय," हे एकदा म्हणाले. "वर्कशॉपमध्ये कळलं तर हसतील."

"हसू देत," ठकू म्हणाली. "बक्कल इथे लावा, बाबा. पुढे, बरगडीच्या बाजूला. माझा मला हात पोचला पाहिजे."

"मागून जास्त नीट दिसेल."

"पुढे."

"बरं, पुढे."

पांढऱ्या गोंदाचे चार हात, त्यावर काळा रंग, आणि काळा वाळल्यावर चिंधीनं नुसता कडांना चंदेरी पुसला. मी रंगाला विरोध केला होता, म्हटलं चपला त्या चपलाच दिसणार. पण वाळल्यावर बघते तर शंभर लढाया बघितलेलं लोखंड. उचललं तर हलकं, दुधाच्या पिशव्यांच्या वजनाचं. ठकूनं घातलं, स्वतः बक्कल लावली, वाकून पायाची बोटं धरली. मग सोफ्यावर धाडकन पडली, उठली, आणि दोन्ही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. खालच्या आजी आल्या नाहीत, सवय झाली होती. माझा जीव भांड्यात पडला. हे काहीतरी लिहायला म्हणून वही उघडून बसले होते, पण लिहायला काही नव्हतं.

प्रयोग रविवारी दुपारचा होता. लहानसं थिएटर, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाई दारात भेटल्या, ह्यांना म्हणाल्या, "चिलखत कशाचं आहे हो? लोखंडाचं घालून कशी काय पळते पोर?" ह्यांनी सांगितलं, "चपलांचा फोम." बाईंना ती थट्टा वाटली.

तिसरा अंक आला. ठकू जिना चढली, पडली. ह्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. ती उठली. दिव्याच्या उजेडात तिनं लोकांकडे बघितलं आणि श्वास घेतला. कुणाचं लक्ष असेल नसेल, मला दिसल्या त्या पट्ट्या, एकेक करून सरकलेल्या. मग दोन पानं. एक शब्द बारीक झाला नाही. मागच्या रांगेतल्या माणसानं "वा" म्हटलं, अगदी सहज, शेजाऱ्याला सांगितल्यासारखं. हे तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. पूर्ण वेळ त्यांची नजर बरगडीवर, आणि तिच्याबरोबर स्वतःही श्वास घेत होते, तिच्याबरोबर सोडत होते. भाषण संपलं तेव्हा तिच्यापेक्षा ह्यांनाच धाप लागली होती.

पडदा पडल्यावर आम्ही आत गेलो. बाकीचे मुकुट, दाढ्या उतरवत होते. हे तिच्याजवळ गेले आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले, काढायला.

"राहू दे ना, बाबा," ठकू म्हणाली. "घालूनच येते घरी."

"घामाघूम झालीयेस," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"सेनापती बसनं चालले, म्हणतील."

आणि खरंच तशीच आली. तोंडाला रंग फासलेला, केस विस्कटलेले, खांद्यावर पाती. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "लढाई जिंकली का?" ती म्हणाली, "किल्ला गेला. पण दार उघडलं नाही." तो म्हणाला, "मग ठीक आहे."

मागच्या सीटवर आम्ही तिघं बसलो, ती मध्ये. दोन थांबे गेले नसतील, तिचा डोळा लागला. मान ह्यांच्या खांद्यावर, कंबर वाकडी, एक पाय माझ्या पिशवीवर, पाठीचं पार धनुष्य झालेलं. ही अशी कुठे बसली की हे एरवी हटकून म्हणायचे, "ठकू, सरळ बस." जाकीट सुटल्यावरही इतकी वर्षं म्हणत आले. मी वाटच बघत होते आता म्हणतील म्हणून. ह्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

आमचा थांबा आला. मी पिशवी घेऊन उठायला लागले, तर ह्यांनी खांदा जरासुद्धा न हलवता डोळ्यांनीच मला खाली बसवलं. मी बसले. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस पुढे निघाली.